वयाचा तक्ता आणि तलावावरची पोर

मी साकोली तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. गावाच्या एका अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, दुसऱ्या अंगाला मोठा जुना तलाव. बांध्यांच्या बाजूला शेतकऱ्यांची घरं, तलावाच्या बाजूला मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाची. अंगणवाडी दोघांच्या मधे, ग्रामपंचायतीला लागून. मी शेतकऱ्याच्या घरची सून. बारावी झाले होते, लग्नानंतर वर्षभरात जागा निघाली, अर्ज केला आणि लागले.

पहिली काही वर्षं मी तसंच शिकवलं जसं मला शिकवलं गेलं होतं. पोरांना ओळीत बसवायचं, मी म्हणायचं आणि मागून त्यांनी म्हणायचं. अ अननसाचा. गावातल्या एकाही पोराने अननस पाहिला नव्हता, मीही कॅलेंडरवरच पाहिला होता. तरी आवाज रस्त्यापर्यंत जायचा, आणि रस्त्यावरून जाणारा माणूस म्हणायचा, "अंगणवाडी चांगली चालून राहिली." गावात चांगली बाई म्हणजे मोठ्या आवाजाची बाई. माझा आवाज मोठा होता. मी खूश होते.

मग तालुक्याला प्रशिक्षण लागलं. दहा दिवस, रोज बसने जाणं-येणं. शिकवायला अध्यापक विद्यालयातून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. खादीची साडी, हातात पिशवी, आणि पिशवीत पुस्तकांच्या जागी दोन ग्लास, एक बशी, थोडी माती, चिंचोके. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नाही. त्याचा विचार वेगळ्या तऱ्हेने चालतो आणि तो टप्प्याटप्प्याने बदलतो. हे शोधणारे लोक परदेशातले होते. कोणी आपल्याच मुलांकडे वर्षानुवर्षं बघत बसला, कोणी गरीब वस्तीतल्या मुलांसाठी लाकडी वस्तू तयार केल्या, कोणी दाखवून दिलं की एकट्याने जे जमत नाही ते शेजारी बसलेल्या जाणत्या माणसाच्या जोडीने जमतं. त्यांचं म्हणणं बालवाड्यांमध्ये पोचायला फार वर्षं लागली, आणि आमच्यापर्यंत यायला त्याहून जास्त. बाई म्हणाल्या, "पण पोचलं आहे. आता तुमच्यावर आहे."

मला ते सगळं शहरातल्या लोकांचं बोलणं वाटलं. संध्याकाळी घरी येऊन मी बाईंनी दाखवलेला पाण्याचा प्रयोग माझ्या मुलीवर करून पाहिला, खोटा ठरवावा म्हणून. ती साडेचार वर्षांची होती. दोन सारख्या वाट्यांत सारखं पाणी घेतलं, तिला विचारलं, सारखं आहे का. ती म्हणाली, सारखं. मग तिच्यासमोरच एका वाटीतलं पाणी उंच, अरुंद ग्लासात ओतलं. आता जास्त कशात आहे? तिने ग्लासावर बोट ठेवलं. मी पाणी परत वाटीत ओतलं, तर म्हणाली सारखं. परत ग्लासात, तर म्हणाली ग्लासात जास्त. तीन वेळा केलं. तिच्या चेहऱ्यावर जराही शंका नव्हती.

आणि मला आठवलं की ही पोरगी वर्षभर दुधासाठी हट्ट करत होती. वाटीत दिलं की रडायची, उंच ग्लासातच पाहिजे. दादाला ग्लासात देते, मला कमी देते, असं म्हणायची. मी तिला दोनदा मारलंही होतं. लबाड आहे, भावाचा मत्सर करते, असं मी सासूला सांगितलं होतं. ती लबाड नव्हती. तिला खरोखरच कमी दिसत होतं. त्या संध्याकाळी मी तिला मुकाट्याने उंच ग्लासात दूध दिलं, आणि दुसऱ्या दिवशी प्रशिक्षणात सगळ्यात पुढच्या रांगेत जाऊन बसले.

परत आल्यावर मी अंगणवाडी बदलून टाकली. ओळी मोडल्या. एका कोपऱ्यात वाळूची परात, एका कोपऱ्यात माती, एकीकडे चिंचोके, लाखोळीचे दाणे, सीताफळाच्या बिया निवडायला. पाटी-पेन्सिल पेटीत ठेवली. माझी मदतनीस ढिवर मोहल्ल्यातली, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिने सगळं बघितलं आणि फक्त एवढंच विचारलं, "बाई, हे सारं संध्याकाळी झाडाचं कोणं?" दोघी मिळून झाडू लागलो.

पण रस्त्यावर आता आवाज जात नव्हता. पंधरा दिवसांत एक शेतकरी आले. त्यांचा मुलगा माझ्याकडे होता आणि ते अंगणवाडीच्या समितीतही होते. दारात उभे राहून म्हणाले, "बाई, अंगणवाडी मुकी झाली काय?"

"मुकी नाही भाऊ. पोरं काम करून राहिले."

"खेळून राहिले. मले दिसते. पोट्टं खेळूनच राहिलं तं शिकन केव्हा? साकोलीच्या कॉन्व्हेंटमधी पोट्टे इंग्रजी बोलतेत."

मी त्यांच्या मुलाला बोलावलं. तो घरी शंभरपर्यंत म्हणून दाखवायचा, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, म्हण. त्याने चाळीसपर्यंत एका दमात म्हटलं. वडिलांची मान वर झाली. मग मी त्याला म्हटलं, "जा, मले पाच चिंचोके आणून दे." तो गेला आणि मूठभर घेऊन आला. मी म्हटलं, पाचच. तो परत गेला, दुसरी मूठ आणली.

वडिलांनी त्या मुठीकडे पाहिलं. मी म्हटलं, "भाऊ, त्याले आकड्याचं गाणं येते. पाच येत नाही. तुम्ही धानाचे पऱ्हे किती दिवसाचे झाल्यावर उपटून बांधीत रोवता?"

"वीस-पंचवीस."

"दहा दिवसात उपटले तर?"

"कायले उपटन कोणी?" मग ते थोडं हसले, पण माणूस हार मानणारा नव्हता. "पण बाई, पऱ्हे दीड महिना ठेवले तरी कामाचे राहत नाही. थेही ध्यानात ठेवा."

तो माणूस बरोबर बोलत होता. मी ते आजही विसरलेले नाही, आणि प्रशिक्षणातही ते मला कोणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं. उशीर हाही बिघाडच असतो. मी त्यांना शब्द दिला की दिवाळीनंतर मोठ्या पोरांच्या हातात पाटी देईन, आणि दिली. त्यांचा मुलगा राहिला. चार घरांनी मात्र पोरं काढून साकोलीच्या कॉन्व्हेंटच्या व्हॅनमध्ये बसवली. रोज सकाळी ती व्हॅन माझ्या दारावरून जायची आणि आतली पोरं माझ्याकडे बघून हात हलवायची. मला वाईट वाटायचं, पण मी डगमगले नाही. मी माझ्या डोळ्यांनी बघत होते की माती मळणाऱ्या पोरांची बोटं बळकट होत होती आणि पेन्सिल हातात आल्यावर ती नीट धरत होती.

आता माझ्या चुकीचं सांगते.

प्रशिक्षणात एक तक्ता मिळाला होता. कितव्या वर्षी मुलाला काय यायला हवं: तीन वर्षांचं मूल तीन शब्दांचं वाक्य बोलतं, चार वर्षांचं रंग ओळखतं, पाच वर्षांचं वस्तू मोजून देतं. मला तो तक्ता फार आवडला. मी तो भिंतीवर लावला, प्रत्येक मुलाचं नाव वहीत लिहून खुणा करू लागले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात असं काही होतं की ज्याच्यावर बोट ठेवून मी कोणालाही सांगू शकत होते, हे असं आहे. आमच्यावरच्या मुख्यसेविका भेटीला आल्या की वही आधी दाखवायचे.

त्या वर्षी ढिवर मोहल्ल्यातून एक मुलगी येऊ लागली. साडेचारच्या आसपास वय. आई-बाप पहाटे तलावावर जाळ्यांना जायचे, आजी मासे टोपलीत घेऊन दारोदार विकायची. आजीच तिला सोडायला यायची. पोर दाराजवळ बसायची आणि दुपारपर्यंत तिथंच राहायची. बोलत नव्हती. रंग विचारले तर गप्प, मोजायला सांगितलं तर गप्प. खिचडी खायची, ताट धुवायची, जायची. तीन महिने मी बघितलं. वहीत तिच्या नावापुढच्या खुणांचे रकाने कोरे राहिले.

एक दिवस मी आजीला थांबवलं. तक्त्याकडे नेलं, बोट ठेवून एकेक ओळ वाचून दाखवली. आजीला वाचता येत नव्हतं. मी म्हटलं, "आजी, पोरगी डोक्यानं मागं आहे. साकोलीच्या दवाखान्यात दाखवून घ्या. वेळेवर दाखवलं तर बरं होते."

आजीने तक्ता पाहिला, मला पाहिलं. म्हणाली, "बरं बाई." पोरीचा हात धरला आणि गेली. दुसऱ्या दिवशी पोर आली नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. मी मनात म्हटलं, दवाखान्यात नेली असेल. खरं म्हणजे मला माहीत होतं की नेली नसणार.

तिसऱ्या आठवड्यात मी मदतनीसला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "थे काहून येईन? पूर्ण मोहल्ल्यात झालं, बाईनं पोरीले येडी म्हटलं म्हणून."

"मी येडी नाही म्हटलं."

"डोक्यानं मागं म्हणजे काय होते मंग?"

मी तिच्यासोबत तांदूळ निवडायला बसले. मग तीच म्हणाली, "बाई, एकदा सकाळी तलावावर या. मी सांगून समजणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी सूर्य उगवायच्या सुमाराला गेले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण त्या वेळी त्या काठावर मी कधी गेले नव्हते. आमच्या घरच्या बायका त्या बाजूला जायच्या नाहीत. जाळी बाहेर आली होती, माणसं पाण्यातून वर येत होती. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, एका ताडपत्रीवर मासे ओतले होते आणि त्या ढिगासमोर ती पोर बसली होती. आजी शेजारी.

पोर मासे निवडत होती. मरळ एका बाजूला, रोहूची पिल्लं दुसऱ्या, झिंगे टोपलीत. आणि बोलत होती. थांबतच नव्हती. "हे त्याच्यात. हे बारीक, हे परत पाण्यात. हे त्याच्यात... नाई, थे नाई, याले मिशा हायेत." चुकीच्या ढिगात टाकलेला मासा उचलून ती दुसऱ्या ढिगात ठेवायची आणि पुढचा घ्यायची. ती कोणाशी बोलत नव्हती, स्वतःशी बोलत होती. प्रशिक्षणातल्या बाईंनी हे आम्हाला सांगितलं होतं: लहान मूल काम करताना मोठ्याने बोलतं, कारण त्याचा विचार अजून तोंडातून चालतो, पुढे तोच आवाज आत जातो. मी वहीत उतरवून घेतलं होतं, खाली लाल रेघ मारली होती. माझ्या अंगणवाडीत मात्र मी हे एवढ्या भरात कधी ऐकलं नव्हतं.

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. तिने पाहिलं आणि तोंड मिटलं. मी काही विचारलं नाही. मासे निवडायला लागले. मी एक मासा चुकीच्या ढिगात टाकला, मुद्दाम नाही, मला खरंच कळत नव्हतं. तिने तो उचलून बरोबर ढिगात ठेवला. दुसऱ्यांदा चुकले तेव्हा म्हणाली, "याची शेपटी पाह्य."

मग मला राहवलं नाही. आजीकडून दोन सारख्या वाट्या मागितल्या. दोन्हींत सारखे झिंगे भरले. पोरीला विचारलं, सारखे आहेत? म्हणाली, हो. मी एका वाटीतले झिंगे तिच्यासमोर ताडपत्रीवर पसरून टाकले, लांबरुंद. बघताना ते वाटीतल्यापेक्षा कितीतरी जास्त दिसत होते. विचारलं, "आता जास्त कोणते?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच डोक्याने मागं आहे. म्हणाली, "तेच तं हायेत. तूच तं आता वतले."

माझ्या मुलीला तिच्याच वयाची असताना हे येत नव्हतं. तक्त्याप्रमाणे हे कळायला अजून दोन-अडीच वर्षं होती. पण ती रोज सकाळी बघत होती की आजी वाटीने मासे मोजते, पानावर पसरते, गिऱ्हाईक "कमी दिसते" म्हणून भांडतं आणि आजी तेच परत वाटीत भरून दाखवते. तिच्यासाठी तो प्रयोग नव्हता. आजीचं रोजचं भांडण होतं ते.

मी आजीला म्हटलं, "आजी, माही चूक झाली. पोरगी मागं नाही. मलेच दिसलं नाही."

आजी झिंग्यांवर पाणी शिंपडत होती. म्हणाली, "मले मालूम होतं. तुमाले सांगून काय करू, तुम्ही भिंतीवरचं वाचत होत्या." मग म्हणाली, "पहिल्या दिवशी घरी येऊन रडली थे. म्हणे, मी झिंगे म्हटलं तं बाई म्हणे तसं म्हणू नको."

मला लख्ख आठवलं. चित्रांचा तक्ता होता, त्यातल्या प्राण्यांची नावं विचारत होते. ती पोर पहिल्याच दिवशी मोठ्याने म्हणाली होती, "झिंगे." मी म्हटलं होतं, "झिंगे नाही बाळा, कोळंबी म्हण." मागची दोन पोरं हसली होती. त्यानंतर ती बोललीच नव्हती. तीन महिने मी रकाने कोरे का म्हणून बघत राहिले, आणि कारण माझ्याच तोंडून निघालेलं एक वाक्य होतं. मी स्वतः घरी झिंगेच म्हणते. अंगणवाडीत आल्यावर मला पुस्तकासारखं बोलायची हौस होती.

आजीला मी अंगणवाडीत बोलावलं. म्हटलं, आठवड्यातून एक दिवस या, पोरांना मासे ओळखायला शिकवा. आजी म्हणाली, "मी? मले काय येते?" पण आली, नातीला घेऊन. येताना टोपलीत चार जातींचे मासे, एक जाळीचा तुकडा आणि दोन वाट्या घेऊन आली. पोरं गोल करून बसली. मिशावाला कोणता, खवले कोणाला, कोण चिखलात राहतो आणि कोण वर येतो, हे आजी विचारायची आणि तिची नात सगळ्यांच्या आधी उत्तर द्यायची. एका शेतकऱ्याच्या बायकोने माझ्याकडे येऊन नाक मुरडलं, "अंगणवाडीत मासे कायले?" मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात तुम्ही या, धानाच्या जाती घेऊन." तिला ते अपेक्षित नव्हतं. पण तीही आली, चार तऱ्हेचा धान चार पुड्यांत बांधून. ढिवर मोहल्ल्यातली पोरं दाण्याच्या लांबीवरून धान वेगळा करायला शिकली. पाच चिंचोक्यांच्या जागी मूठ आणणारा तो मुलगा तिथे कोणाच्याही आधी चारही ढीग लावून मोकळा झाला.

वर्षाअखेर प्रशिक्षणातल्या त्या बाई साकोलीला एका कार्यक्रमाला आल्या होत्या. मी त्यांना गाठून सगळं सांगितलं, तक्त्यासकट, आजीसकट. मला वाटलं होतं त्या म्हणतील की तू तक्ता नीट वाचला नाहीस. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "ज्यांनी हे टप्पे मांडले त्यांनी कोणाची मुलं पाहिली?"

"त्यांच्या गावची."

"मग तुझ्या तलावावर कोण आलं होतं बघायला?"

"कोणीच नाही."

"तू गेलीस ना. टप्पे खोटे नाहीत, कुठल्या वयात कोणता येईल हे मूल कुठे वाढतं त्यावर असतं. तू पुढचं काम केलंस." एवढं बोलून त्या चहाला गेल्या. मला त्या दिवशी जेवढं बरं वाटलं तेवढं कोणत्याही प्रमाणपत्राने वाटलं नाही.

तक्ता मी काढला नाही. तो आजही भिंतीवर आहे आणि कामाचाही आहे. एका मुलाला खरंच ऐकू कमी येत होतं, ते त्याच तक्त्यामुळे लवकर लक्षात आलं, नागपूरला नेऊन यंत्र बसवलं. फरक एवढाच की आता मी कोणाच्या नावापुढे रकाना कोरा ठेवायच्या आधी त्याच्या घरी जाते. वहीत आणखी एक ओळ वाढवली आहे: कुठे पाहिलं. बांधीत, तलावावर, चुलीपाशी, लग्नात. मोबाइलवर जी माहिती भरावी लागते त्यात या ओळीला जागा नाही. मी ती वहीत लिहिते.

ती पोर आता जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला आहे. फार हुशार निघाली असं सांगितलं तर गोष्ट छान वाटेल, पण तसं नाही. गणितात बरी आहे, लेखनात कंटाळा करते. बोलते मात्र खूप, शिक्षकांना उलट विचारते, आणि रस्त्यात दिसले की मला हाक मारते. व्हॅनमध्ये गेलेल्या चारांपैकी दोघं परत आले, दोघं साकोलीतच शिकतात आणि बरं करतात. तेही मी मान्य करते.

आता मलाच नव्या सेविकांसमोर बोलायला बोलावतात. मी पिशवीत दोन वाट्या आणि उंच ग्लास घेऊन जाते. गेल्या वेळी तुमसरकडची, आंबागडच्या बाजूची एक मुलगी आली होती, नुकतीच लागलेली. तिने उठून विचारलं, "मॅडम, आमच्याकडचे पोरं मोहफुलाच्या दिवसात महिनाभर येतच नाही. आईसोबत जंगलात जातात. त्यांचं काय करू?"

मी म्हटलं, "तू एक दिवस त्यांच्यासोबत जाय. टोपली घेऊन जाय आणि वही घेऊन जाय."

तिला ते पटलेलं दिसलं नाही. पण परवा तिचा फोन आला. पहाटे गेली होती म्हणाली, पाय दुखून राहिले म्हणाली. मग म्हणाली, "मॅडम, चार वर्षांची पोरगी आहे. कोणतं फूल काल पडलं आणि कोणतं आज, हे ती हातात घेऊन सांगते. मले दोन्ही सारखेच दिसतात."

मी तिला म्हटलं, तारीख टाक, आणि खाली लिही, जंगलात पाहिलं.